चौगुले बाईंचं पहिलं पान

चौगुले बाईंना कोरं पान चालायचं नाही. वही असो, वर्गातला फळा असो, नाहीतर पुढं संगणकाचा पडदा असो, समोर नुसतं रिकामं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "माणूस आल्या आल्या त्याला रिकाम्या घरात बसवायचं होय? पाणी तरी विचारा की!"

विश्रामबागेतल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. मी साताऱ्याहून संगणक शिकवायला तिथं रुजू झालो, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. तेही सांगितलं. "झालं तर मग, सातारकर," म्हणाल्या, आणि त्यानंतर माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

बाई ठेंगण्या, अंगानं बारीक. सुती साडी, खांद्याला पिन, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला मधूनमधून पळावं लागायचं. माहेर मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. जैन शेतकऱ्याचं घर. रागावल्या की कानडीत मोजायला लागायच्या, "ओंदु, एरडु, मूरु…" म्हणजे राग तिथंच जिरावा. पण वर्गातल्या पोरांना ते इतकं आवडायचं की मूरुपर्यंत सगळा वर्ग हसायला लागलेला असायचा, आणि मग बाईही.

त्यांच्या प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न नेहमी सगळ्यांना येईल असाच असायचा. एकदा मुख्याध्यापकांनी त्यावरून त्यांना हटकलं. "बाई, आठवीच्या पोरांना हा प्रश्न? तिसरीतलं पोरगं सोडवेल."

"सोडवू दे की."

"मग त्याला मार्क कशाचे?"

"आत आल्याचे," बाई म्हणाल्या. "सर, पोरगं पेपर हातात घेतं तेव्हा त्याचे हात गार पडलेले असतात. पहिलं गणित सुटलं की हात गरम होतात. अवघड विचारायला पुढं सगळा पेपर पडलाय. मी सोडते होय कुणाला?"

सोडत नव्हत्या हे खरंच. त्यांचा शेवटचा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आम्हालाही पुरायचा.

निवृत्त झाल्यावर पंधरवडाही गेला नसेल, त्या पुन्हा शाळेत हजर. थेट माझ्या संगणकाच्या खोलीत. त्यांचे यजमान, अण्णा, त्याआधीच गेले होते. एकुलती मुलगी वैशाली कराडला बँकेत. घरी बाई एकट्याच. "मला हे शिकवा," त्या म्हणाल्या. "खेळ नको, सिनेमा नको. लिहायचं कसं तेवढं दाखवा. डोक्यात लय साठलंय."

त्या भराभर शिकल्या. वैशालीनं एक जुना संगणक आणून दिला, तो त्यांनी हॉलमध्ये दारासमोरच्या टेबलावर मांडला आणि लिहायला सुरुवात केली. जुनी गणितं, चातुर्मासात चालणाऱ्या भाज्यांच्या कृती, कुठल्या वर्षीच्या कुठल्या पोरानं काय गंमत केली ते. नोंदी लिहायचा एक साधा प्रोग्रॅम मी त्यांना घालून दिला होता. आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"सातारकर, तुमचा हा प्रोग्रॅम माणूसघाणा आहे."

"काय झालं बाई?"

"रोज उघडला की कोरं पान. काल मी काय लिहीत होते, कुठं थांबले, काही विचारणं नाही. वर एक चौकट उघडून मलाच काहीतरी शिकवतोय."

मी संध्याकाळी गेलो. सेटिंगमध्ये जाऊन ती शिकवणी बंद केली. मग प्रोग्रॅम उघडताना नवीन पान न देता कालचंच पान उघडावं, खिडकी पडदाभर असावी, अक्षरं मोठी असावीत, असं एकेक करून दाखवलं. शेवटी संगणक सुरू झाला की कुठंही बोट न लावता तो प्रोग्रॅम आपोआप उघडेल अशीही सोय केली. संगणक सुरू होताना ज्या फोल्डरमधल्या गोष्टी आपण होऊन उघडतात, त्यात त्याला नेऊन ठेवायचं, एवढंच काम असतं. बाईंनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. समोर कालचं अर्धवट वाक्य उभं राहिलं. त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"म्हणजे याला सांगता येतं होय? मग इतके दिवस लोक सांगत का नाहीत?"

आणि मग त्या सांगत सुटल्या. कुणाच्याही घरी गेल्या की तिथला संगणक कसा उघडतो ते आधी बघायच्या आणि न विचारता दुरुस्त करून यायच्या. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी पवार काका फार सज्जन, पण कुठलंही काम पुढं ढकलण्यात पटाईत. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलं होतं. बाई सांगून सांगून थकल्या. मग एक दिवस काकांनीच त्यांना बोलावलं, मीटिंगचा वृत्तान्त टाइप करता येईना म्हणून. बाईंनी तो करून दिला आणि जाता जाता त्यांच्या संगणकाचं पहिलं पान बदलून आल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी बटण दाबलं, तर पडदाभर ठळक अक्षरांत एकच ओळ: "पवार, टाकीचं झाकण बसवलं का?"

काकांनी ती खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. ती काढायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि बाईंना विचारायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी मला गाठलं.

"सर, तेवढं ते पान काढा की हो. सूनबाई हसती, नातू हसतो."

"काढतो की. पण झाकणाचं काय झालं?"

त्याच दिवशी झाकण बसलं. बाईंनी स्वतः जाऊन ते पान काढलं आणि काकांना घरची चिक्की देऊन आल्या.

विसरणं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. एखादा शब्द अडायचा, एखादं नाव. वय झालं की व्हायचंच, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं. मग एका दुपारी बाई घरातून निघाल्या त्या माधवनगरला जाऊन पोचल्या. लग्न झाल्यावर त्यांचा पहिला संसार तिथं होता, अण्णा तिथल्या गिरणीत हिशेबनीस होते. ज्या घरात आता दुसरंच कुणी राहत होतं त्याच्या ओट्यावर बाई जाऊन बसल्या आणि अण्णांच्या सुटण्याची वाट बघू लागल्या. घरातली बाई भली होती. तिनं चहा दिला, गप्पा मारल्या, पर्समधल्या कागदावरचा नंबर बघून वैशालीला फोन लावला. वैशालीनं मला कळवलं. मी गेलो तेव्हा बाई मजेत होत्या. मला ओळखलं, "काय सातारकर, इकडं कुठं?" म्हणाल्या. मोटारसायकलवर बसल्यावर मात्र त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि विश्रामबाग येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. बाईंनी मला ते स्वतःच सांगितलं, पावसाची बातमी द्यावी तसं. "मला विसरायचा आजार झालाय. वैशाली ऐकून रडते. मग मला पण रडू येतं. थोड्या वेळानं मी कशाला रडत होते तेच आठवत नाही. तिची मात्र सुटका नाही बिचारीची."

वैशालीनं त्यांना कराडला चला म्हणून हरप्रकारे विनवलं. बाई तयार होईनात. मग ठरलं असं की हिराबाईनं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरी थांबायचं, रात्री शेजारच्या काकूंनी सोबतीला यायचं. हिराबाई जत तालुक्यातली, धनगर घरातली. पूर्वी धुण्याभांड्याला यायची. आवाज मोकळ्या रानात कमावलेला आणि मन तितकंच मोकळं.

पण काकू पहाटे थर्मासमध्ये चहा भरून आपल्या घरी जायच्या, आणि तिथून हिराबाई येईपर्यंतचा वेळ वाईट जायचा. बाई जाग्या व्हायच्या आणि कशाचाच पत्ता लागायचा नाही. आज कुठला वार, चहा झाला की व्हायचाय, शाळेला उशीर तर झाला नाही? बिथरून घरभर फिरायच्या. फक्त एक सवय हाताला राहिली होती. उठलं, तोंड धुतलं की दारासमोरच्या संगणकाचं बटण दाबायचं. वैशाली म्हणाली, "सर, तिथंच तिला सगळं लिहून ठेवलं तर?" मोबाइलचा विचार झाला होता, पण बाईंनीच तो उडवून लावला. "फोन उशीखाली हरवतो. एवढं टेबल कुठं हरवणार?"

पहिलं पान वैशालीनं लिहिलं. मायेनंच लिहिलं, पण भीतीनं लिहिलं. "आई, एकटीनं बाहेर जायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. गोळ्या घ्यायच्या. दार उघडायचं नाही." शिवाय आई कधी उठते, संगणकाशी कितीदा येते हे डॉक्टरांना सांगता यावं म्हणून तिनं माझ्याकडून एक सोय करून घेतली. पहिल्या ओळीत एक ठरावीक शब्द लिहिला की ती फाइल दर वेळी उघडताना शेवटी तारीख आणि वेळ आपोआप उमटते. मी तो शब्द लिहून दिला.

चार दिवसांत बाईंनी संगणकावर चादर टाकली.

मी गेलो तर त्या पाठ फिरवून बसलेल्या. हिराबाई दारातच म्हणाली, "आवं सर, लय चिडल्यात. सकाळधरनं कानडीत मोजत्यात, पर तीनाच्या म्होरं जाईनात."

मी चादर काढली. पानाखाली तारखांची रांगच लागली होती. एकाच सकाळच्या कितीतरी वेळा, काही तर लागोपाठच्या मिनिटांच्या. बाई वळून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तो दिवस त्यांचा बरा होता, डोळे स्वच्छ होते.

"हे काय आहे सांगू, सातारकर? ही माझी हजेरी आहे. मी कितीदा विसरले त्याची. विसरलं तर विसरू द्या की मला. मोजताय कशाला?"

"वैशालीताईंना काळजी वाटते बाई."

"वाटू दे. आई आहे मी तिची. पण हे बघा," त्यांनी वरच्या ओळींवर बोट ठेवलं, "नाही, नाही, नाही. सकाळी उठून हे वाचलं की वाटतं आपण कुणाच्या तरी घरात चोरून शिरलोय. विसरल्यावर माणसाला पहिलं काय वाटतं माहितेय? आपलं काहीतरी चुकलंय आणि कुणीतरी आपल्यावर रागावलंय. बाकी सगळं त्याच्यानंतर. आधी ते घालवायला पाहिजे."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "हे पुसा. मी सांगते तसं लिहा. आज सुचतंय तोवर लिहून घ्या."

वैशालीला आधी विचारावं की काय, अशा विचारात मी क्षणभर थांबलो. बाईंनी ते ओळखलं. "तिला मी सांगते. लावा फोन."

फोनवर मायलेकींचं बराच वेळ चाललं. मला एकच बाजू ऐकू येत होती. "अगं, तुझ्या लहानपणी मी तुला शाळेत सोडताना काय म्हणायचे? रडू नको म्हणायचे का? नाही. डब्यात काय आहे ते सांगायचे… हां. मग?… मग मला पण डब्यात काय आहे ते सांगा की." पलीकडं वैशाली रडत होती बहुतेक, कारण बाई मध्येच आवाज उतरवून म्हणाल्या, "बाळ, शेवटी मीच वाचणार आहे ना ते."

वैशाली हो म्हणाली. बाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. ते पान मला अजून पाठ आहे.

"आज" आणि पुढं वार, तो रोज आपोआप बदलेल अशी व्यवस्था मी केली. मग: "तू सुनंदा. हे तुझंच घर. शाळेला सुट्टी आहे, उशीर झालेला नाही. कुणीही रागावलेलं नाही. थर्मासमध्ये चहा आहे. कप ओला असेल तर तुझा पिऊन झालाय, कोरडा असेल तर घे. दिवस मावळला असेल तर जेवण झालेलं आहे, पुन्हा मागू नकोस. वैशाली अकराला फोन करते. ती बरी आहे."

सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम त्यांनी जन्मभर पाळला होता. तो असा कामाला आणलेला बघून मला हसू आलं. बाईही हसल्या. "बरोबर आहे ना? उत्तर एकच येतंय. दुसरं येऊच शकत नाही."

तारखांची रांग मी काढून टाकली. संगणकाचा पासवर्डही काढला. त्या पानाशिवाय दुसरं काही उघडणार नाही आणि हात लागून त्यातलं काही पुसलं जाणार नाही, असं केलं.

ते पान लागू पडलं. रोज पडलं असं नाही, पण बहुतेक सकाळी. बाई उठायच्या, बटण दाबायच्या, उभ्यानंच वाचायच्या, मग कप हातात घेऊन तपासायच्या. हिराबाईला वाचता येत नव्हतं, पण तिला फरक कळला. "काय लिवलंय कुणाला ठावं," ती म्हणाली, "पर बाई वाचत्यात आन् गार हुत्यात. माज्याशी बी ग्वाड बोलत्यात."

एका सकाळी मात्र बाईंनी हिराबाईला दारातून आत घेतलं नाही. आतून साखळी लावलेली, फटीतून विचारपूस चालू. "कोण तुम्ही?"

"आवं बाई, म्या हाय, हिरा! उघडा की दार."

"कुठली हिरा? पानात तुमचं नाव नाही."

हिराबाई पायरीवर बसून राहिली. शेजारच्या काकू आल्या तेव्हा कुठं दार उघडलं. मी संध्याकाळी गेलो तर ती कधी नव्हे ती रुसलेली. "सर, इतकी वर्सं मी हितं. पोरीचं नाव लिवलं, चहाचं लिवलं, कपाचं लिवलं. माजं न्हाई व्हय?"

बाईंना सकाळचं काहीच आठवत नव्हतं, पण ऐकून त्या फार खजील झाल्या. माझ्याकडून त्यांनी तिथल्या तिथं ओळ घालून घेतली आणि हिराबाईला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवली. "मोठ्या आवाजाची बाई दारात आली तर ती हिराबाई. तिला आत घे. ती घरातलीच आहे."

"मोटा आवाज कशापायी लिवला?" हिराबाईनं विचारलं, पण तोवर ती हसत होती.

असं दीड-दोन वर्षं चाललं. त्या दिवसांत बाई सुखी होत्या असं मी म्हणतो तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. पण मी तिथं जात होतो. गॅलरीत बसून त्या हिराबाईला पाढे शिकवायच्या आणि हिराबाई त्यांना मेंढरं हाकायच्या आरोळ्या. खालून जाणारी माणसं थांबून वर बघायची.

पुढं एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही. वैशाली त्यांना कराडला घेऊन गेली. जाताना संगणकही नेला, टेबलासकट. तिथं गेल्यावर पहिल्याच सकाळी बाईंनी पान वाचलं, घरभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "चूक आहे. हे माझं घर नाही." वैशालीनं मला फोन करून ती ओळ कशी बदलायची ते विचारून घेतलं. बदललेली ओळ तिनं मला पुढच्या भेटीत दाखवली: "हे वैशालीचं घर, म्हणून तुझंच." बाकी एका शब्दाला तिनं हात लावला नव्हता. हिराबाईची ओळही तशीच होती. हिराबाई अधूनमधून एसटीनं यायची ना.

बाई गेल्या त्या पावसाळ्यात. झोपेतच गेल्या. त्याआधी उसाच्या हंगामात माझी त्यांची भेट झाली ती शेवटची. मी गाडीनं साताऱ्याला गावी निघालो होतो, वाटेत दुपारी कराडला थांबलो. बाई अंगणात उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मला ओळखलं नाही. पण पाहुणा आलाय एवढं कळलं, आणि ओंजळभर दाणे माझ्या हातात ठेवले. अक्षरं आता त्यांना लागत नव्हती. वैशाली रोज सकाळी शेजारी बसून ते पान त्यांना वाचून दाखवायची. "ऐकते आणि मान डोलावते," ती म्हणाली. "मग मीच ओला कप दाखवते. मला पण बरं वाटतं सर, सकाळी ते वाचून."

निघताना गाडी रस्त्यावर मागं घ्यायची होती. फाटकाबाहेर अरुंद रस्ता, आणि कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा. मी आरशात बघत चाचपडत होतो. एवढ्यात बाई उठल्या, पदर खोचला आणि वैशाली "आई, आई" म्हणेपर्यंत फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. समोरून ट्रॅक्टर येत होता, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. बाईंनी त्याच्याकडं तळहात उभा धरला. ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला.

"येऊ द्या," बाई मला म्हणाल्या. "येऊ द्या… येऊ द्या… डावीकडं घ्या… बस!"

गाडी सरळ झाली. त्यांनी टपावर दोनदा थाप मारली. मी हात केला, पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. वळणावर पोचेपर्यंत मला आरशात दिसत होतं. उन्हात भर रस्त्यात बाई तळहात वर करून उभ्या होत्या, त्यांच्यामागं फाटकात वैशाली तोंडावर हात घेऊन हसत होती, आणि तो ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर कोपरं टेकून, इंजिन बंद करून, निवांत थांबला होता.